घुमटातली देवळी

बाबा, तुमची देवळी मी फोडली. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा फोडीन, आणि या खेपेस तुम्ही हिंगणघाटला कामावर जायची वाट पाहणार नाही, तुमच्यासमोर फोडीन. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर इतक्या वर्षांनी पोरगी लिहायला बसली म्हणजे रडायला नाहीतर पाया पडायला बसली असेल, असं तुम्हाला वाटायचं. मी यातलं काही करायला बसलेली नाही. दुपारचं जेवण झालं आहे, हात धुतले तरी नखांत सिमेंट आहे, आणि काल एका बाईनं मला एक साधा प्रश्न विचारला, त्याचं मी तिला खोटं उत्तर दिलं. ते उत्तर सकाळपासून डोक्यात घोळतं आहे, म्हणून तुमच्याशी बोलायला घेतलं. तो प्रश्न पुढं येईलच.

तुम्ही मिस्त्री होतात आणि मी तुमची रेजा, हाताखालची मजूर. मला भाऊ नव्हता, बाहेरच्या मजूर बाईच्या हातचा माल तुम्हाला पटायचा नाही, म्हणून शाळा सुटल्यावर बाकीच्या मुली शेतात निंदायला गेल्या आणि माझ्या डोक्यावर घमेलं आलं. रेती चाळायची, विटा भिजवायच्या, सिमेंट कालवायचं आणि तुम्ही हात मागं केलात की न बोलता त्यात वीट ठेवायची. मला ते आवडायचं. तुमचा हात चालायला लागला की बघत बसावं असा होता. आणि तुम्ही काही दुष्ट बाप नव्हतात, हेही मी विसरलेले नाही. तान्ह्या पोळ्याला गावातली सगळी लेकरं लाकडाचे बैल सजवून निघायची, तेव्हा तुम्ही मला अख्ख्या विटेतून बैल घडवून दिला होता, वशिंड, शिंगं, सगळं. तो इतका जड झाला की गाड्याची दोरी चावडीसमोरच तुटली आणि पोरं हसली. मी रडत घरी आले तर तुम्ही म्हणालात, "हसू दे त्याहिले. त्याहिचे बैल पान्यात वाहून जातीन, तुहा बसून राहीन." तो खरंच बसून राहिला आहे, आमच्या परसात, तुळशीच्या बाजूला. एक शिंग गेलं आहे.

तुमच्या हातचं कुठलंही बांधकाम असो, घर असो, गोठा असो, विहीर असो, त्यात एक देवळी असायचीच. भिंतीत पणती मावेल एवढा कोनाडा. मालकानं सांगितला नसला तरी तुम्ही तो ठेवायचात. काम पुरं झालं की आधी देवळीत पणती लावायची, मग नारळ, मग हत्यारं धुवायची. ही तुमच्या वडिलांची रीत, त्यांच्या वडिलांचीही असेल. "माणूस अंधारात बसून काम करते, तं तिथं दिव्याले घर पाहिजे," असं तुम्ही म्हणायचात. मला ते वाक्य अजूनही आवडतं. पण वाक्य चांगलं आहे म्हणून गॅस गळायचा थांबत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

आईचं स्वयंपाकघर मला आत्ताही समोर दिसतं. ती चुलीपुढं बसली आहे, बाजूला कपाशीच्या पऱ्हाट्यांचा आणि तुराट्यांचा भारा, पावसाळ्यात त्यावर गोवऱ्या, त्याही ओल्या. ती फुंकणी तोंडाला लावते, एकदा फुंकते आणि मग बराच वेळ नुसती खोकते. भाकरी तव्यावर करपते. पदरानं डोळे पुसते आणि म्हणते, "काई नाई व, धूर गेला नाकात." तो धूर रोजच नाकात जात होता, आणि आम्ही दोघं ओट्यावर बसून भाकरीची वाट पाहत होतो. एका हिवाळ्यात तिला श्वासच पुरेना, तेव्हा आपण तिला सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी तपासलं, औषधं लिहून दिली आणि तुमच्याकडे बघून म्हणाल्या की औषधानं थोडंच होईल, यांना चुलीच्या धुरातून बाहेर काढा, नाहीतर पुढच्या वेळी अशाच चालत येतील असं नाही. तुम्ही टोपी काढून हातात धरली होती. परतीच्या एसटीतून आर्वीला उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "गोबरगॅस बांधतो."

सिलिंडर तेव्हा आपल्या गावात कोणाकडे नव्हता. गोबरगॅस एकाच मोठ्या घरी होता, लोखंडी ड्रमचा, आणि तो ड्रम गंजून त्यात बेडूक राहत होते. जमिनीखालची, विटांच्या घुमटाची टाकी मात्र गावात कोणी पाहिली नव्हती. तुम्ही रोहण्याकडं कोणाच्या तरी वाड्यात ती बांधताना पाहून आलात, उभ्या उभ्या, अर्ध्या दिवसात. वर्ध्याला मिस्त्र्यांना हे काम शिकवतात असं ग्रामसेवकानं सांगितलं तर तुम्ही हसलात. "मले कोन शिकवन?" मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता. आपल्या घरी दोन बैल होते, एक गाय, एक म्हैस. शेण पुरेल, कमी पडलं तर सोयाबीनचं कुटार, मळणीचा भुसा, भिजवून टाकू, असा हिशोब आपण जेवताना केला. गोठ्याच्या मागं खड्डा खणला. तुम्ही आत बसलात, मी वरून विटा देत होते, आणि तो घुमट कडेकडेनं गोल होत वर चढू लागला. त्याला आधार म्हणून खाली काही नाही, वीट विटेला धरून उभी. मी पाहिलेलं तुमचं सगळ्यात सुंदर काम ते होतं. हेही मला कबूल आहे.

आणि मग, घुमट अर्ध्याच्या वर गेल्यावर, तुम्ही उगवतीच्या अंगाला दोन विटा बाहेर सरकवल्यात.

मी वरून वाकून विचारलं, "बाबा, हे काय करून राह्यले?" तुम्ही म्हणालात, "देवळी." मी म्हटलं, याच्या आत तर शेणकाला भरायचा, वर गॅस राहणार, इथं दिवा लावायला कोण येणार? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मी बसलो ना अंधारात. मंग?" मी म्हटलं, भिंत इथं पातळच आहे, विटा कडेवर उभ्या लावलेल्या, त्यात पेटीसारखा कोनाडा केला तर कोपरे पडतील. तेव्हा तुम्ही थापी खाली ठेवलीत. त्या गोल खड्ड्यातून वर बघून तुम्ही जे बोललात ते शेजारच्या वाड्यातही ऐकू गेलं. "रेजा हायेस तू. वीट दे. मिस्तरीपना मले नको शिकवू." मी वीट दिली. गिलावा झाला, काळा रंग झाला, आणि निघता निघता तुम्ही त्या देवळीत पणती ठेवलीत, तेल घालून, वात लावून. ती पेटलेली मी बाहेरून पाहिली. तुम्ही काला बाहेर पडायच्या, निकासाच्या तोंडातून वर चढून आलात तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आईसाठी केलेलं काम होतं ते, मला कळत होतं, आणि म्हणूनच माझा राग कुठं ठेवायचा ते मला कळत नव्हतं.

गॅस झाला. झाला आणि गेला. आई सकाळी शेगडी लावायची, ज्योत यायची, आणि चहाला आधण यायच्या आतच बसायची. लोक बघायला आले आणि हसत गेले. कोणी म्हणालं शेण जुनं, कोणी म्हणालं म्हशीचं शेण चालत नाही, एकानं तर गायीच्या दिशेनंच बोट दाखवलं. तुम्ही पाइप बदललात, शेगडी बदललीत, गोठ्यात उभे राहून बैलांना शिव्या दिल्यात. आई पुन्हा चुलीपुढं बसली. इकडं मी घुमटावरच्या मातीकडे बघत होते. आईनं त्या मातीवर झेंडू लावला होता, आणि बाकी सगळा झेंडू फुलत असताना उगवतीच्या अंगाची झाडं मात्र पिवळी पडत चालली होती. एके सकाळी मी तिथं बादलीभर पाणी ओतलं. मातीतून बुडबुडे आले, डाळ शिजताना येतात तसे, एकाच जागी. मी तुम्हाला हाताला धरून तिथं आणलं. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "गांडूळ असतीन." बाबा, तुम्हाला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. गांडुळाला उगवतीची दिशा कळत नाही.

आत आई खोकत होती. मी तिथून थेट घरात गेले आणि पिशवी भरायला घेतली. मावशीकडे जाते असं सांगून मला जाता आलं असतं, आईनं तसं सुचवलंही. मी तुम्हाला तोंडावर सांगितलं, वर्ध्याला चालले, गोबरगॅसचं काम शिकायला. तुम्ही म्हणालात, "जाय. सिमेंट कालवनं शिकवतीन तुले. थे तं तुले येतेच."

तिथं सगळे पुरुष होते. शिकवणारे गुरुजी म्हातारे, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः खड्ड्यात उतरणारे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले की या कामात मिस्त्र्याला आपलं अर्धं शिक्षण विसरावं लागतं. घराची भिंत वजन धरते, ही भिंत हवा धरते, आणि हवेला कोपरा दिला की ती तिथून वाट काढते, म्हणून घुमटाला कोपरा नसतो. मी हात वर करून देवळीबद्दल विचारलं. सगळा वर्ग हसला. एकानं तर मांडीवर थाप मारली, "गोबरगॅसमधी देवळी! मंग झुंबर नाई लावलं काय?" माझं डोकं सणकलं. मी उभी राहून त्याला म्हटलं, तू तुझ्या जन्मात एक घुमट असा उभा करून दाखव, मग हस. तुमच्यावर चिडायचा हक्क माझा होता, त्यांच्या बापाचा नव्हता. गुरुजी तेवढे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, त्या माणसानं ठेवली कशाला? मी तुमचं ते दिव्याच्या घराचं वाक्य सांगितलं. ते म्हणाले, "माणूस चांगला आहे. देवळी फोडावी लागेल."

मी परत आले तेव्हा तुम्ही हिंगणघाटला एका कापसाच्या जिनिंगच्या आवारभिंतीच्या कामावर गेला होतात, आठवडाभरासाठी. मी तुमच्या पाठीमागं केलं असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात. पाठीमागं नव्हे, तुमच्या नसण्यात केलं. तुम्ही होतात तेव्हा तोंडावर सांगून झालं होतं. मी आणि आई, दोघींनी बादल्या बादल्यांनी टाकी उपसली. आईला मी उपसू देत नव्हते, पण ती ऐकती तर. शेजारच्या काकांनी तो काला आपल्या तुरीत टाकायला नेला, तेही नाक मुरडून, "याच्यातला जाळ तं निघून गेला, आता यात काय रायलं?" त्या वर्षी त्यांची बांधाकडची तूर कुंपणाच्या वर गेली, तेव्हा त्यांचं नाक सरळ झालं. टाकी उघडी ठेवून वारा खेळू दिला. गुरुजींनी बजावलं होतं, आत उतरायच्या आधी टोपलीत कोंबडी सोडायची, ती तशीच ओरडत वर आली तरच माणसानं उतरायचं. आई कोंबडी द्यायला तयार नव्हती. "माही कोंबडी कायले? आमदाराची सोड ना." मग तिनं माझ्याकडे बघितलं, आत मीच उतरणार होते, आणि स्वतः जाऊन अंड्यावरची कोंबडी उचलून आणली. कोंबडी वर आली ती शिव्या देतच आली.

मी आत उतरले. बाबा, तुमचा गिलावा इतका गुळगुळीत होता की हात फिरवताना मला लाज वाटली, आपण याला हातोडा लावणार म्हणून. देवळी तिथंच होती. तिच्या खालच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर होती. आणि देवळीत तुमची पणती, काळी पडलेली, वात तशीच. शेणानं भरलेल्या टाकीत ती हलली नव्हती, इतकी नीट बसवली होतीत तुम्ही. मी खूप रडले. बाहेर आई विचारत होती, "काय झालं व? गॅस हाय काय आत?" मी म्हटलं, नाही, धूळ गेली डोळ्यात. मग पणती बाहेर दिली आणि हातोडा मागितला. देवळी फोडली, तिथं गोलाईत वीट बसवली, चारी बाजू खरवडून पुन्हा गिलावा केला, थरावर थर, गुरुजींनी शिकवला तसा. हात तुमचाच चालत होता, तो तुम्हीच दिलेला होता. पण डोकं माझं होतं.

तुम्ही कामावर आणखी काही आठवडे लांबलात म्हणून टाकी भरून गॅस धरायला वेळ मिळाला, एवढं खरं. तुम्ही संध्याकाळच्या एसटीनं आलात. अंगणात चप्पल काढली आणि घरावर धूर दिसेना म्हणून तिथूनच ओरडलात, "सयपाक नाई काय आज?" आई आतून म्हणाली, "या ना. वाढतेच हावो." तुम्ही दारात उभे राहिलात. आई शेगडीपुढं उभी होती, उभी, बसलेली नाही, आणि निळ्या ज्योतीवर भाकरी फुगत होती. ती खोकत नव्हती. तुम्ही ते पाहिलंत, मी तुमच्याकडेच बघत होते. मग तुमची नजर फळीवर गेली. तिथं पणती होती, घासून ठेवलेली.

"कोन गेलतं आत?"

"मी," मी म्हटलं.

"माह्या कामाले हात लावला तू? माह्या बापाची रीत होती थे."

"बाबा, दिव्याले घर पाहिजे म्हनता. मंग आईले श्वास नको काय?"

आईनं मला डोळ्यांनी दटावलं. तुम्ही मोरीवर गेलात. हात धुतले, पाटावर बसलात, आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आधी म्हणालात, "उद्यापासून माह्या कामावर येऊ नको." मग जेवलात. पोटभर जेवलात. एकदाच म्हणालात की गॅसवरच्या भाकरीला चव नाही, आणि ताट पुसून उठलात.

त्यानंतर तुम्ही गावोगाव माझी तक्रार करत फिरलात. ज्या गावी काम, तिथल्या पारावर हेच. "माही पोट्टी अशी हाय, बापाची देवळी फोडली. आत उतरून, सोता. मंग गॅस चालू झाला थे वेगळं." तुम्ही शेवटचं वाक्य गाळलं असतं तर तुमचंच भलं झालं असतं, पण तुम्हाला खोटं बोलता येत नव्हतं. झालं असं की एके सकाळी रोहण्याकडचा एक माणूस सायकलवर आला. तुम्ही ओट्यावर दाढी करत होतात. त्यानं विचारलं, "थे देवळी फोडनारी मिस्तरीन इथंच राह्यते काय जी?" तुमचा वस्तरा थांबला. "रेजा हाय थे," तुम्ही म्हणालात, "मिस्तरी मी हावो." तो माणूस साधा होता, त्यानं कोणाचं मन राखायचा विचारच केला नाही. म्हणाला, "नाई जी, मले फोडनारीच पाहिजे. माह्या घरी बी बांधनाऱ्यानं बांधूनच ठेवलं हाय, गॅसचा पत्ता नाई." मी दारातून हसले. तुम्ही हसला नाहीत. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून म्हणालात, "जाय मंग. वरून पक्का दिसला म्हनून घुमटावर पाय नको ठेवजो, कच्चा असीन तं." मी गेले. तुमच्या तक्रारीनं मला पहिलं काम मिळालं, आणि दुसरंही, आणि त्यापुढची कितीतरी.

आई म्हणायची, "तुह्या बापाची तारीफ करायची रीतच तशी हाय." सगळे असंच म्हणतात. शेजारचे काका म्हणाले, माझा नवरा म्हणतो. आणि मला अजून ते पटत नाही. तारीफ करायची तर तारीफ करावी, बाबा. पारावरच्या लोकांना कळेल अशी करावी आणि घरात बसलेल्या पोरीला कळू नये, ही कुठली तारीफ? तुम्ही गेलात तोपर्यंत मी आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत घुमट बांधत होते, आणि तुम्ही एकदाही माझ्या कामावर येऊन उभे राहिला नाहीत. तुमची थापी तुम्ही पुतण्याला द्यायला सांगितलीत, "मिस्तरीची थापी मिस्तरीच्या हाती." तो आता नागपूरला मोबाइलच्या दुकानात आहे. असू दे. मी आर्वीच्या बाजारातून नवी आणली होती, आता तिचंही पातं झिजून अर्धं झालं आहे, आणि माझ्या हाताला तीच बसते.

मला हे काम अजून आवडतं, बाबा, आणि अजून त्यात भांडावं लागतं. आर्वीकडच्या एका बागवाल्यानं गळलेली सडकी संत्री टोपल्या टोपल्यांनी टाकीत ओतली, फुकटचा गॅस होईल म्हणून. टाकी आंबली, ज्योत पेटेना, आणि तो मला म्हणतो तुमचं बांधकाम खराब. मी त्याला त्याच्याच बायकोपुढं विचारलं, तुम्हाला नुसती संत्री खायला घातली तर तुमचं पोट कसं राहील? मग चुन्याचं पाणी आणि ताजं शेण देऊन टाकी पुन्हा ताळ्यावर आणली. कुटार टाका, भाजीचा पाला टाका, तुकडे करून, भिजवून, शेणासोबत, हे सांगून सांगून माझा घसा बसतो. आता घरोघरी सिलिंडर येऊ लागला आहे आणि लोक टाक्यांत कचरा भरतात. मी तिथंही भांडते. ट्रॅक्टर आले, बैल गेले, तरी म्हशी आहेत, शेण आहे, आणि सिलिंडर संपला की हेच लोक पुन्हा पऱ्हाट्या गोळा करतात आणि त्यांच्या बायका पुन्हा खोकतात. मी गप्प बसणार नाही. तुम्हीच गप्प बसवू शकला नाहीत, तर हे कोण?

तुम्ही गेलात तेव्हा, तुम्हाला जिथं ठेवलं होतं त्या जागी आईनं देवळीतून काढलेली तीच पणती लावली. मला विचारलं नाही. त्यानंतर आई पुष्कळ जगली, बाबा. त्या सावंगीच्या डॉक्टरीण बाईंनी धरलं होतं त्यापेक्षा पुष्कळ. नातवंडं पाहिली, निळ्या ज्योतीवर त्यांना पानगे करून घातले, आणि वांगं भाजायला तेवढी चूल पेटवायची, तीही अंगणात. तुमच्या घुमटातून अजूनही गॅस निघतो. घुमट तुमचा, गोलाई तुमची, आणि उगवतीच्या अंगाला एवढासा माझा तुकडा. तुमच्या देवळीपायी आईचे किती महिने त्या धुरात गेले, हे मी विसरणार नाही, आणि त्यासाठी मी तुम्हाला सूटही देणार नाही.

आता तो प्रश्न. काल सावंगीजवळ एका घरी काम संपलं. शेण आणि पाणी ज्यात कालवतात ती छोटी टाकी मी सगळ्यात शेवटी बांधते. घरची सून हात धुवायला आली, टाकीच्या कठड्याकडे वाकून बघितलं आणि म्हणाली, "काकू, इथं भिंतीत ही देवळी कशाले?" मी म्हटलं, "साबन ठेवाले. शेन कालवून झालं की हात धुवाले बरं पडते." ती खूश झाली, आत गेली आणि लगेच साबणाची वडी आणून ठेवली. सगळ्यांना मी हेच सांगते.

हे पत्र पाठवायचं कुठं, आणि पाठवून तरी काय, तुम्ही वाचून पारावर जाऊन माझी तक्रारच कराल. घडी करून विटेच्या बैलाखाली ठेवून देईन. पण लिहिलंच आहे तर एवढं सांगते. साबण कठड्यावरही राहिला असता. घुमटात मी कोपरा ठेवत नाही, ठेवणारही नाही, पण बाहेरच्या त्या टाकीत एक देवळी असतेच, प्रत्येक कामात, अगदी पहिल्या कामापासून. आणि पहिलं शेण पडायच्या आधी, टाकीत अजून गॅसचं नावही नसतं तेव्हा, घरचे लोक नारळ आणायला आत गेले की मी पिशवीतून तुमची पणती काढते, तिथं लावते, आणि ते बाहेर यायच्या आत विझवून पुन्हा पिशवीत टाकते.